किसुमूपर्यंतची मीटरगेज आणि माझ्या टाकीतले मासे

गेल्या वर्षी गणपतीत आरतीला घरी आलेल्या मंडळींपैकी निम्मी मंडळी बाप्पांपेक्षा आमच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीसमोरच जास्त वेळ उभी होती. सौ.ने नंतर त्यावरून माझी चांगलीच हजेरी घेतली, तो भाग वेगळा. पण समितीच्या सचिवांनी प्रसादाची वाटी हातात धरून विचारले, "हे मासे कुठले हो?" मी म्हणालो, "आफ्रिकेतले." त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, "मग इथे झाशीला कसे आले?"

मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. खरे उत्तर लांबलचक होते आणि त्याची सुरुवात चक्क आपल्याच खात्याच्या कामाने, म्हणजे रुळांनी होत होती. सचिवांना हे नंतर कळले आणि त्यांनी स्मरणिकेचा एक लेख माझ्या नावावर टाकून दिला. मी डिप्लोमावाला, पी-वेचा माणूस. पी-वेवाल्याचा माशाशी संबंध म्हणजे फिशप्लेट! तरीही गेली अकरा वर्षे या माशांच्या नादात जे वाचले आणि जे भोगले, ते मांडतो. लेखाच्या शेवटी याच कॉलनीतल्या काही घरांसाठी एक निरोप आहे, तो मात्र कृपया न चुकता वाचावा.

आफ्रिकेच्या पूर्व भागात तीन मोठी गोड्या पाण्याची सरोवरे आहेत. टांगानिका लांब आणि भयंकर खोल, जवळजवळ १,४७० मीटर. मलावी, ज्याला पूर्वी न्यासा म्हणत, ते सुमारे ७०० मीटर खोल. तिसरे व्हिक्टोरिया. हे पसरट आहे, सर्वांत खोल जागीही ८० मीटरच्या आसपास, पण क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एकपंचमांशाहून थोडे जास्तच. या तिन्ही सरोवरांत सिक्लिड नावाच्या कुळातले शेकडो जातींचे मासे आहेत आणि त्यांतले बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

सिक्लिड म्हणजे काही परके प्रकरण नव्हे. आपल्याकडे बाजारात मिळते ती चिलापी याच कुळातली, तीही मूळची आफ्रिकेचीच; १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली. गोव्याकडचे कालुंद्र आणि केरळचे करीमीन हे मात्र आपले अस्सल देशी सिक्लिड. त्यांचे जवळचे नातेवाईक मादागास्करमध्ये सापडतात. कालुंद्राचे रवा लावून तळलेले तुकडे खाताना आपण एका फार जुन्या घराण्याशी व्यवहार करत आहोत, हे मला चाळिशी गाठेपर्यंत माहीत नव्हते.

युरोपीय प्रवाशांना ही सरोवरे एका पाठोपाठ एक दिसली. १८५८ साली बर्टन आणि स्पीक टांगानिकाच्या काठी पोहोचले, त्याच वर्षी स्पीकने एकट्याने उत्तरेला जाऊन व्हिक्टोरिया पाहिले आणि आपल्या राणीचे नाव दिले. १८५९ मध्ये लिव्हिंग्स्टन न्यासाला पोहोचला. त्याच्या मोहिमेतल्या जॉन कर्क याने जमवलेले मासे लंडनला गेले आणि १८६४ साली ब्रिटिश म्युझियममध्ये गुंथर या शास्त्रज्ञाने त्यांची वर्णने छापली. अर्थात काठावरच्या कोळ्यांकडे त्यांची नावे आधीपासून होतीच. व्हिक्टोरियाच्या केनिया बाजूला लुओ लोक या छोट्या सिक्लिडना 'फुलू' म्हणतात, टांझानियात 'फुरू', युगांडात 'न्केजे'. मलावीच्या काठचे टोंगा लोक खडकांत राहणाऱ्यांना 'म्बुना' म्हणतात आणि हा शब्द आज जगभरच्या मासे विकणाऱ्या दुकानांत चालतो.

आता रेल्वे. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रूळ टाकायचे इंग्रजांनी ठरवले आणि १८९६ मध्ये काम सुरू झाले. नाव 'युगांडा रेल्वे', पण सगळी लाइन आजच्या केनियातून जाते. गेज किती ठेवायचा याचा आधीचा विचार साडेतीन फुटांचा होता. शेवटी मीटरगेज ठरला, कारण हिंदुस्थानातून जुनी इंजिने आणि डबे आणता येणार होते. नुसते डबेच कशाला, माणसेही इथूनच गेली. करारावर नेलेल्या हिंदी मजुरांची संख्या सुमारे ३२,००० भरते. बहुतेक पंजाबातले, कराची बंदरातून चढलेले. त्यांतले जवळजवळ अडीच हजार तिथेच मेले. त्सावो नदीच्या पुलावर १८९८ मध्ये दोन सिंहांनी मजुरांना तंबूतून ओढून नेले ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते, सिनेमाही निघाला. पण त्या सिंहांच्या तोंडी गेलेले हिंदी मजूर काही डझन, आणि बाकीचे हिवताप, आव, जखमा आणि अपघातांनी गेले. त्यांच्यावर कोणी सिनेमा काढला नाही. काम संपल्यावर साडेसहा हजारांच्या वर माणसे तिकडेच राहिली.

मी नोकरीची पहिली काही वर्षे मीटरगेज उखडून ब्रॉडगेज टाकण्याच्या कामावर होतो. त्यामुळे या लाइनचे जुने फोटो पाहताना मला सिंह दिसत नाहीत. मला उन्हात रूळ खांद्यावर घेऊन चाललेली गँग दिसते, आणि मुकादमाचे उघडलेले तोंड पाहून तो काय ओरडत असेल तेही ऐकू येते.

डिसेंबर १९०१ मध्ये रूळ सरोवराला टेकले. प्लेटलेइंगचे काम पाहणाऱ्या रोनाल्ड प्रेस्टनच्या पत्नीने, फ्लॉरेन्सने, शेवटची की ठोकली असे सांगतात. त्या टोकाच्या स्टेशनाचे नाव तेव्हा पोर्ट फ्लॉरेन्स, आजचे किसुमू.

गाडी आली की बाजार येतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. तोवर व्हिक्टोरियाचे लोक टोपल्यांनी, वेताच्या सापळ्यांनी आणि गळांनी मासे पकडत आणि काठाकाठानेच विकत. आता मासा नैरोबीला जाऊ लागला. १९०५ च्या सुमारास युरोपातून विणलेल्या गिलनेट आल्या, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या उभ्या टाकायच्या जाळ्या, ज्यात मासा कल्ल्यांपाशी अडकतो. ज्याला या जाळ्या लागल्या तो 'न्गेगे' नावाचा खाण्याचा चविष्ट मासा, चिलापीचा सख्खा भाऊ. सुरुवातीला एका जाळीत पन्नास ते शंभर न्गेगे मिळत. १९२० च्या दशकात हा आकडा दहाच्या आत आला.

मग सरकारने चौकशी नेमली. १९२७-२८ मध्ये मायकेल ग्रॅहम या इंग्रज मत्स्यशास्त्रज्ञाने सरोवराची पाहणी केली आणि १९२९ मध्ये अहवाल दिला. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. जाळीचे भोक पाच इंचांपेक्षा लहान नसावे, म्हणजे पिल्ले सुटतील. आणि दुसरे, बाहेरून मोठा शिकारी मासा आणून या सरोवरात सोडणे अतिशय धोक्याचे ठरेल. अहवाल काय, आपल्याकडेही येतात! पहिली शिफारस काही काळ पाळली गेली आणि पुढे सैल झाली. दुसरीचे काय झाले ते आता सांगतो.

१९५० च्या दशकात मत्स्यखात्यातल्या मंडळींचा विचार असा होता: खाण्याचा मासा कमी होत आहे, सरोवरात काटेरी, बोटभर लांबीचे, बाजारात भाव नसलेले फुलू मात्र अगणित आहेत. मग या कचऱ्याचे मांस करणारा मोठा मासा आणावा. असा मासा जवळच, अल्बर्ट सरोवरात आणि नाईल नदीत होता, नाईल पर्च. दोन मीटरपर्यंत वाढणारा, दोनशे किलोपर्यंत वजनाचा. याला जाहीर विरोध झाला. जेफ्री फ्रायर या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये त्याविरुद्ध लेखच लिहिला. पण युगांडाच्या बाजूला १९५४ मध्येच काही पर्च गाजावाजा न करता सोडले गेले होते. वाद चालू असताना मासा पाण्यात होता. १९६२-६३ मध्ये आणखी सोडले, या वेळी उघडपणे.

हे एवढे मोठे काम करायला काय लागले असेल? धरण नाही, यंत्र नाही, बजेटही फारसे नाही. जिवंत मासे नेता येतील एवढे पाणी आणि नेणारा माणूस.

पुढची वीस वर्षे काही विशेष घडले नाही. १९७७ पासून हॉलंडच्या लायडन विद्यापीठाचा एक गट टांझानियातल्या म्वान्झा आखातात फुरूंचा अभ्यास करत होता. त्यांच्या जाळ्यांत तेव्हा तळाकडच्या माशांच्या वजनातले सुमारे ८० टक्के फुरूच असत. १९८० नंतर पर्च एकदम वाढले आणि दशक संपायच्या आत फुरू एक टक्क्याच्या खाली गेले. जे शास्त्रज्ञ जातींना नावे देण्यासाठी आले होते ते त्या जातींच्या मर्तिकाचे साक्षीदार ठरले. त्यांच्यातल्या टाइस खोल्डश्मिट याने पुढे यावर 'डार्विन्स ड्रीमपॉण्ड' हे पुस्तक लिहिले. पाचशेच्या वर जातींपैकी सुमारे दोनशे नाहीशा झाल्या असा अंदाज दिला जातो.

इतक्या लवकर कशा संपल्या? याचे कारण माझ्या टाकीत रोज दिसते. या माशांची मादी अंडी तोंडात घेऊन वाढवते. नराच्या मागच्या पंखावर अंड्यासारखे पिवळे ठिपके असतात. ती ते अंडे समजून उचलायला जाते आणि त्या खटपटीत तोंडातली अंडी फळतात. मग दोन-तीन आठवडे ती जवळजवळ काही खात नाही. पिल्ले किती? वीस, तीस, फार तर पन्नास-साठ. पर्चची मादी लाखोंनी अंडी घालते. हा हिशोब जुळणारच नव्हता.

पर्चने गरिबी हटवली का? काही अंशी हो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. किसुमू, म्वान्झा, जिंजा इथे मासे कापून परदेशी पाठवणारे कारखाने निघाले, हजारो लोकांना काम मिळाले. पण फुलू उन्हात वाळवून टिकत असत, आणि पर्च चरबीदार, तो धुरावर भाजावा लागतो. त्यासाठी काठावरची झाडे तुटली, माती वाहून सरोवरात आली. शेतीचे खत, शहरांची घाण, त्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस जलपर्णी. पाणी गढूळ झाले. आणि न्गेगे, ज्याच्यापासून ही गोष्ट सुरू झाली, तो मुख्य सरोवरातून जवळजवळ गेलाच. आजूबाजूच्या लहान तळ्यांत, जिथे पर्च पोहोचला नाही, तिथे तो टिकून आहे.

आता सचिवसाहेबांचा प्रश्न. हौशी लोकांच्या टाकीत पहिल्यांदा आले ते मलावीचे मासे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथून जिवंत माशांची निर्यात होऊ लागली. १९७० च्या दशकात स्टुअर्ट ग्रँट मलावीतून आणि पिएर ब्रिशार बुरुंडीतून टांगानिकाचे मासे विमानाने पाठवू लागले. विमानातून आलेल्या जोड्यांची पिल्ले युरोप-अमेरिकेत, मग सिंगापूर-थायलंडमध्ये आणि तिथून आपल्याकडे. आज कुर्ल्याच्या बाजारात किंवा कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या हाटात दिसणारा आफ्रिकन सिक्लिड आफ्रिका न पाहिलेला असतो. 'इलेक्ट्रिक यलो' म्हणून सगळीकडे मिळणाऱ्या पिवळ्याधमक माशाच्या शास्त्रीय नावाचा अर्थ मात्र 'निळा' आहे! १९५६ मध्ये फ्रायरने नाव दिले तेव्हा त्याच्यासमोरचे मासे निळसर पांढरे होते. पिवळा प्रकार बाजारात नंतर आला आणि त्यानेच बाजार खाल्ला.

व्हिक्टोरियाचे मासे टाक्यांत आले ते वेगळ्या कारणाने. तिथे जाती बुडत आहेत हे कळल्यावर लायडनच्या मंडळींनी काही जिवंत जोड्या बाहेर काढल्या, १९९० च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या मत्स्यालयांनी त्यांच्या पैदाशीचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यांतल्या काही जाती हौशी लोकांकडे पोहोचल्या. माझ्याकडे जो तांबडा-पिवळा, अंगावर काळे पट्टे असलेला मासा आहे त्याचे नाव 'न्येरेरेई'. १९८५ मध्ये टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्यावरून हे नाव दिले गेले. हा मासा सरोवरातल्या खडकाळ बेटांपाशी अजून आहे. पर्चला मोकळे पाणी आवडते, खडकांच्या कपारींत त्याचे फारसे चालत नाही.

माझी सुरुवात मात्र अगदीच अडाणीपणाने झाली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी, म्हणजे अडीचशे लिटर. स्टँड एल-अँगलचा, माझ्या खर्चाचा, पावती जपून ठेवली आहे! मुलगा म्हणाला, "बाबा, लाइनवरची खडी आणा ना." त्याला समजावून सांगावे लागले. टाकी भरली, दुसऱ्या दिवशी दुकानातून चौदा मासे आणले आणि आठवडाभरात बारा मेले.

कारण नंतर समजले. मासे पाण्यात अमोनिया सोडतात. टाकीतल्या गाळणीत जिवाणूंची वस्ती तयार झाली की ते त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत ती नसते. त्यात आपल्या कॉलनीच्या बोअरचे पाणी अल्कधर्मी. पीएच सात असेल तर अमोनियातला अर्धा टक्काच विषारी स्वरूपात असतो. तोच पीएच साडेआठला पोहोचला की सुमारे पंधरा टक्के. म्हणजे ज्या पाण्याची दुकानदार "आफ्रिकनला एक नंबर" म्हणून तारीफ करत होता त्याच पाण्याने माझे मासे मारले. पाणी वाईट नव्हते, मला घाई होती. आता मी नवी टाकी मांडली तर चालू टाकीतला स्पंज तिच्यात पिळतो आणि पहिला महिनाभर दोन-तीनच मासे ठेवतो.

जड पाण्याबद्दल एक गैरसमज सर्रास आहे. शाळेत ज्याला दुष्फेन म्हणायचे, साबणाला फेस येत नाही ते पाणी. आपल्याकडे गीझरची कॉइल वर्षभरात पांढरी होते, आणि वाफेच्या इंजिनाच्या काळातली जुनी मंडळी बॉयलरमधल्या पापुद्र्याच्या कथा सांगत. "आफ्रिकन सिक्लिडला जड पाणी लागते" हे टांगानिकापुरते बरोबर आहे. मलावीचे पाणी मध्यम आणि व्हिक्टोरियाचे तर चांगलेच हलके. तिघांत सारखे आहे ते हे की पाणी अल्कधर्मी असते आणि पीएच एकदम कोसळत नाही. म्हणून क्षार ओतत बसण्यापेक्षा स्थिरता सांभाळावी. मी तळाला संगमरवरी चुरा आणि कोटा फरशीचे कडा घासलेले तुकडे टाकले आहेत. दगड चुनखडीचा आहे की नाही ते लिंबू पिळून पाहावे, बुडबुडे आले तर आहे. कोणी प्रवाळ विकायला आले तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याला संरक्षण आहे.

दुसरा धडा पोटाचा. बारा गेल्यावर महिनाभर थांबून मलावीचे म्बुना आणले आणि प्रेमापोटी त्यांना गांडूळ, उकडलेल्या अंड्याचे पिवळे असे खाऊ घातले. म्बुना हा खडकावरचे शेवाळ खरवडून खाणारा मासा, त्याचे आतडे लांब. पाहुणचाराने त्यांची पोटे फुगली, खाणे बंद, पांढरी तारेसारखी विष्ठा, आणि तीन-चार दिवसांत खेळ खलास. याला 'मलावी ब्लोट' म्हणतात. फुगलेला मासा सहसा वाचत नाही. खाणे सोडले की त्याच दिवशी त्याला वेगळे करून मेट्रोनिडाझोल दिले तर कधीकधी जमते. त्यापेक्षा स्पिरुलिना असलेला दाणा, वाफवलेला पालक, आठवड्यातून एक उपास आणि दर रविवारी पाव ते तीस टक्के पाणी बदलणे यात सगळे आले. नळाचे पाणी असेल तर क्लोरीनसाठी हायपो. न्येरेरेई मुळात पाण्यातले सूक्ष्म किडे टिपणारा, त्याला थोडे मांसाहारी चालते, पण त्याचेही लाड करू नयेत.

झाशीच्या उन्हाळ्याबद्दल काय सांगू! मे-जूनमध्ये टाकीचे पाणी बत्तीस-तेहतीसला जाते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. झाकण काढून पाण्यावर टेबलफॅन सोडला की दोन-तीन अंश उतरते. एका जूनमध्ये रात्री दहाला वीज गेली ती सकाळी सातला आली. त्या वेळी एका मादीच्या तोंडात अंडी होती. मी आणि सौ. आळीपाळीने तांब्याने पाणी उचलून वरून ओतत बसलो. सकाळी मला ब्लॉकवर जायचे होते. मादी वाचली, पिल्ले सव्वीस निघाली. आता बॅटरीवर चालणारा पंप आहे. वीज बराच वेळ गेली असेल तर बंद गाळणी थेट सुरू करू नये, आतले जिवाणू मरून सडलेले असतात. धुऊन मगच लावावी.

आता तो निरोप.

त्या सव्वीस पिल्लांचे मी फार कौतुक केले. आफ्रिकेत बुडत चाललेला मासा आपल्या कॉलनीत वाढतो आहे, असे सांगत मी ती सात घरांत वाटली. पुढच्या वर्षी ती मोठी झाली तेव्हा नरांचा रंग चमत्कारिक निघाला, ना धड लाल, ना धड निळा. टाकीत मी आणखी एक व्हिक्टोरियाचाच मासा ठेवला होता, दिसायला वेगळा म्हणून. त्याच्याशी संकर झाला होता.

असे का होते याचा छडा १९९७ मध्ये ओले झेहाउझेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लावला होता, मी तो उशिरा वाचला. या जाती इतक्या जवळच्या आहेत की संकराची पिल्लेही जगतात आणि वाढतात. त्यांना वेगळे ठेवते ते मादीचे डोळे: न्येरेरेईची मादी लाल नर निवडते. सरोवराचे पाणी गढूळ झाले तिथे रंग दिसेनासे झाले आणि जाती एकमेकांत मिसळू लागल्या. प्रयोगशाळेत नारिंगी उजेडाखाली ठेवल्यावर माद्यांची निवडच बंद पडली. माझ्या टाकीवर तेव्हा, पाहायला छान दिसतो म्हणून, पिवळसर मंद दिवा होता. वर न्येरेरेईचा नर एकच आणि तोही दबलेला.

गंमत अशी की सरोवराचा स्वतःचा इतिहासही संकराचाच आहे. सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी व्हिक्टोरिया पूर्ण कोरडे पडले होते. ते पुन्हा भरल्यावर या शेकडो जाती तयार झाल्या आणि २०१७ च्या संशोधनानुसार त्यांचे पूर्वज दोन वेगळ्या नद्यांच्या माशांच्या मिश्रणातून आले. आणखी एक, पर्चची मासेमारी वाढल्यावर काही फुरू परतलेही. त्यांच्यातल्या एका जातीचे कल्ले आता पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे आहेत, प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात तगण्यासाठी. पण म्हणून माझ्या दिवाणखान्यातला संकर म्हणजे जतन नव्हे. मी तुम्हाला खोटे नाव सांगून मासे दिले, मुद्दाम नाही, पण दिले.

आज माझ्या मोठ्या टाकीत न्येरेरेई एकटेच आहेत, तीन नर, नऊ माद्या, वर पांढरा स्वच्छ दिवा. दुसरी जात नाही. एका नराचा जाच एकाच मादीवर पडू नये म्हणून माद्या जास्त आणि लपायला दगडांच्या कपारी.

गेल्या अनंत चतुर्दशीला त्या सात घरांतल्या एकांची बदली झाली होती. सामान बांधून झालेले, टाकी नेणे शक्य नाही. मिरवणूक निघताना त्यांच्या हातात झाकणाची बादली पाहिली. मी विचारले तर म्हणाले, "मासे आहेत, तुमचेच. बाप्पांबरोबर तलावात सोडून देतो, जगतील बिचारे." त्यांचा हेतू चांगलाच होता. अल्बर्ट सरोवरातून पर्च नेणाऱ्यांचाही वाईट नव्हता. त्या तलावात आधीच चिलापी माजलेली आहे आणि देशी मासा जाळ्यात क्वचितच येतो, हे तिथे गळ टाकणारी पोरेसुद्धा सांगतील. मी ती बादली त्यांच्याकडून मागून घेतली, ढोल पुढे गेले, मी घरी परतलो. त्या वर्षी विसर्जन मला दिसले नाही.

आत अकरा मासे होते. व्हरांड्यात दोन फुटी टाकी मांडून त्यांत ते ठेवले आहेत, नर आणि माद्या मध्ये काच घालून वेगळे. छान खातात-पितात, रंगही आता बरा आला आहे. उरलेल्या सहा घरांनी आपापले मासे जरूर ठेवावेत, ते आजारी नाहीत आणि त्यांचा काही दोष नाही. फक्त पिल्ले पुढे कोणाला देऊ नयेत, आणि ठेवणे जमेनासे झाले तर मला फोन करावा. बादली मी घेऊन येईन. व्हरांड्यातल्या टाकीत अजून आठ-दहा जणांना जागा आहे.